वाल्डेमार हाफकिन : एका उपेक्षित उपकारकर्त्याचे चरित्र

नदी पार झाली की नावाड्याची आठवण राहत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. रणांगण गाजविणाऱ्या वीरांचे पोवाडे आपण आवडीने गातो, राज्ये मिळविणाऱ्यांच्या जन्मतिथी पाठ करतो. परंतु ज्यांनी काचेच्या नळ्या व सूक्ष्मदर्शक यंत्र एवढ्याच शस्त्रांनी मृत्यूशी झुंज दिली, त्यांची नावे मात्र आपणांस सहसा आठवत नाहीत. अशाच एका थोर पुरुषाच्या चरित्राचा अल्प परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. या पुरुषाचे नाव वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन. ते जन्माने परदेशी, धर्माने ज्यू आणि विद्येने प्राणिशास्त्रज्ञ होते. परंतु त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे या भारतभूमीच्या सेवेत गेली आणि त्यांच्या कीर्तीचा मुख्य स्तंभ आपल्या मुंबई नगरीत उभा राहिला.

आमच्या लोधीखेड्यास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. नागपूर-वऱ्हाडाकडील गावाच्या शिवेवर मरीमायचे ठाणे बहुधा असतेच. पटकीची साथ आली की सारा गाव तिच्या पायाशी धाव घेई, कारण तिच्यावाचून दुसरा आधारच नसे. प्लेगच्या साली लोक भरले घर सोडून शेतात झोपड्या घालून राहत, ही हकीकत आजी-पणजीच्या मुखातून पुष्कळ घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. आज आपण ती गोष्ट म्हणून ऐकतो. त्या काळी ती गोष्ट नव्हती. तो दाराशी उभा असलेला काळ होता. मरीमायच्या ठाण्यावर आजही दिवा लागतो; परंतु त्या दिव्यामागची भीती मात्र ओसरली आहे. ती ओसरविण्यास ज्यांचे हात लागले त्यांत हाफकिन यांचे स्थान फार वरचे आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या बंदरात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. ओडेसाच्या विद्यापीठात ते शिकत असताना इल्या मेच्निकॉव्ह हे तेथे प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, हा सिद्धान्त मांडून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच मेच्निकॉव्ह. असा गुरू लाभणे हे हाफकिन यांचे भाग्य होय. परंतु त्यांच्या वाट्याला आलेले भाग्य बहुधा एवढेच! रशियात त्या काळी ज्यू लोकांवर वारंवार प्राणघातक हल्ले होत. १८८१ साली ओडेसात असा दंगा उसळला, तेव्हा हा तरुण विद्यार्थी आपल्या लोकांच्या रक्षणार्थ उभा राहिला, जखमी झाला आणि वर तुरुंगातही गेला. मेच्निकॉव्ह यांच्या रदबदलीमुळेच त्यांची सुटका झाली.

शिक्षण संपले. विद्वत्ता होती, परंतु अध्यापकाची जागा मिळण्यासाठी धर्मांतर करावे लागणार होते. हाफकिन यांनी ते नाकारले. पोटासाठी त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात लहानसे काम पत्करले. पण आपल्या पूर्वजांचा धर्म विकला नाही. १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. प्रथम ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे गेले व नंतर पॅरिसला आले. लुई पाश्चर यांनी स्थापन केलेल्या जगप्रसिद्ध संस्थेत मेच्निकॉव्ह त्या वेळी संशोधन करीत होते. तेथे शिष्यासाठी रिकामी असलेली एकच जागा त्यांना सापडली, ती म्हणजे ग्रंथालयातील साहाय्यकाची! हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. ग्रंथालयाच्या कामातून जो वेळ उरे तो ते प्रयोगशाळेत घालवीत, आणि फारच थकले म्हणजे व्हायोलिन वाजवीत. विद्येच्या मंदिरात झाडलोट करावयास मिळाली तरी खरा विद्यार्थी स्वतःस धन्य मानतो, हे या उदाहरणावरून आमच्या बंधुभगिनींनी ध्यानी घ्यावे.

त्या काळी पटकी म्हणजे कॉलरा हा रोग युरोपातही थैमान घालीत होता. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंचे दोन प्रकार प्रयोगशाळेत सिद्ध केले. एक प्रकार उष्णतेच्या साह्याने दुर्बळ केलेला होता. दुसरा गिनीपिग नावाच्या लहान प्राण्याच्या शरीरातून एकामागून एक असा ३९ वेळा नेऊन अधिक उग्र केलेला होता. प्रथम दुर्बळ जंतू टोचून शरीरास शत्रूची ओळख करून द्यावयाची आणि काही दिवसांनी उग्र जंतू टोचून ती ओळख पक्की करावयाची, अशी ही योजना होती. प्राण्यांवर ती यशस्वी झाली. परंतु माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. काही काळ ताप आला, अंग दुखले; परंतु ते बरे झाले. नंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही धैर्याने आपले हात पुढे केले.

आता ही लस खऱ्या साथीत वापरून पाहावयाची होती. रशियाने आपल्या या पुत्राचे साहाय्य नाकारले. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले आणि पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेले लॉर्ड डफरिन यांनी त्यांना हिंदुस्थानात जाण्याचा मार्ग सुचविला. १८९३ च्या मार्च महिन्यात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हाफकिन कलकत्त्यास उतरले. येथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते, येथील भाषा त्यांना येत नव्हती आणि ते वैद्यकीचे पदवीधर नसल्यामुळे सरकारी डॉक्टरांपैकी अनेकांच्या मनात त्यांच्याविषयी अढी होती. तरीही ते गावोगाव हिंडले. १८९४ साली कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत पटकीचे रोगी निघाले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत दहा जणांना पटकी झाली व सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. दोन-अडीच वर्षांत त्यांनी ४०,००० हून अधिक लोकांना लस टोचली. शेवटी मलेरियाने पोखरलेले शरीर घेऊन त्यांना १८९५ साली विश्रांतीसाठी इंग्लंडला जावे लागले. परंतु विश्रांती हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. पुढच्याच वर्षी ते परत आले.

आणि ते आले तोच मुंबईवर वज्राघात झाला. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाहता पाहता शहरात मृत्यूचे तांडव सुरू झाले. गिरण्या ओस पडल्या, बाजार बंद झाले, माणसे मिळेल त्या आगगाडीने व गलबताने पळू लागली. आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो हा काळ होता.

सरकारने हाफकिन यांना तातडीने मुंबईस पाठविले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते तेथे पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक ओसरी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई! एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगविरुद्ध लस तयार करण्याचा विडा उचलला. दिवस-रात्र न पाहता काम चालले. श्रमाने एका साहाय्यकाच्या मनाचा तोल ढळला, दोघे काम सोडून गेले; हाफकिन मात्र खुर्चीवरून हलले नाहीत. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस्सा लागे. येथील लोकांच्या धर्मभावना ओळखून त्यांनी गाय व डुक्कर हे दोन्ही प्राणी वर्ज्य केले आणि बकऱ्याच्या मांसाचा रस्सा घेतला. त्यावर ते तुपाचे थेंब तरंगत सोडीत. त्या थेंबांना लोंबकळत जंतूंचे धागे खाली वाढत, जणू गुहेच्या छताला लोंबणारे चुनखडीचे खांबच. पुढे तो रस तापवून जंतू मारीत व त्यात कार्बोलिक आम्ल मिसळीत. मेलेल्या शत्रूचे प्रेत दाखवून शरीराच्या सैन्यास सावध करावयाचे, असे या लसीचे तत्त्व होते.

अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा एकदा पहिली सुई स्वतःच्याच शरीरात टोचवून घेतली आणि पुढे लोकांना जी मात्रा देण्यात आली तिच्याहून कितीतरी मोठी मात्रा घेतली. तीव्र ताप आला, वेदना झाल्या. पण त्यांनी काम थांबविले नाही. त्यानंतर लवकरच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस देण्यात आली. एकाच छताखाली राहणाऱ्या, तेच अन्न खाणाऱ्या या दोन गटांत फरक पडला तो स्पष्ट होता. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी राहिले.

परंतु शास्त्रज्ञाची कसोटी प्रयोगशाळेत जितकी लागते त्याहून अधिक लोकांच्या मनात लागते. सरकारने प्लेग रोखण्यासाठी जी जुलमी उपाययोजना चालविली होती, तिच्यामुळे जनता संतप्त झाली होती. सैनिक घरात शिरत, रोग्यांना ओढून नेत, देवघरापर्यंत बूट जात. पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती याच संतापातून. अशा वातावरणात सुई घेऊन येणाऱ्या गोऱ्या माणसावर कोणी का विश्वास ठेवावा? लसीविषयी नाना तऱ्हेच्या अफवा उठल्या. हाफकिन यांनी सक्तीचा मार्ग धरला नाही. लस ज्याची त्याने स्वखुशीने घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा जमातीतील हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेसाठी जागाही आगाखानांनी दिली. पुढे १८९९ च्या ऑगस्ट महिन्यात ही प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या भव्य वास्तूत आली व हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले.

बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी १८९८ साली त्यांनी केलेला प्रयोग विशेष नमूद करण्याजोगा आहे. त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली व निम्म्यांना दिली नाही, म्हणजे घर, अन्न, पाणी, हवा ही सारी सारखीच राहिली. पुढे गावात प्लेग आला तेव्हा लस न घेतलेल्यांतील मृत्यू लस घेतलेल्यांच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक झाले. एका वस्तूचा गुण पारखावयाचा तर तिच्यावाचून बाकी सर्व परिस्थिती समान ठेवली पाहिजे, हा आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो तो नियम हाफकिन यांनी असा गावच्या घराघरांतून पाळला.

येथे एक प्रश्न उद्भवतो व तो हाफकिन यांच्याही डोळ्यांपुढे सतत उभा होता. लसीने मिळालेले संरक्षण टिकते किती काळ? पटकीच्या लसीचा प्रभाव काही काळ लोटल्यावर ओसरतो, हे कलकत्त्याच्या अनुभवावरून दिसून आले होते. प्लेगच्या लसीचे संरक्षणही काही महिन्यांचेच असे, आणि साथ पुन्हा आली की पुन्हा सुई घ्यावी लागे. शरीर शत्रूला ओळखते खरे. परंतु ही ओळख ते वर्षानुवर्षे स्मरणात कशी ठेवील, याचे उत्तर त्या पिढीजवळ नव्हते. या प्रश्नाकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा येऊ.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच या पुरुषावर दैवाने घाला घातला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जणांना थोड्याच दिवसांत धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही जण तडफडून मेले. हे सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. विश्वासाने हात पुढे केलेल्या त्या एकोणीस गरीब जीवांचे स्मरण प्रथम केले पाहिजे, कारण कोणत्याही शास्त्रज्ञाची कीर्ती त्यांच्या प्राणांहून मोठी नाही. चौकशी समिती बसली. मागणी वाढल्यामुळे लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता, हे त्यांच्या विरुद्ध गेले. लस परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा ठपका ठेवण्यात आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. अपमानित होऊन ते १९०४ साली इंग्लंडला परतले.

परंतु सत्य फार काळ गाडून ठेवता येत नाही. पुराव्याची बारकाईने छाननी झाली, तेव्हा असे निष्पन्न झाले की मुलकोवाल येथे बाटली उघडते वेळी एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण जाणतोच. शिवाय, बाटली उघडली त्या वेळी लसीला कसलीही दुर्गंधी आली नव्हती. ती पुष्कळ दिवसांपासून दूषित असती तर दुर्गंधी आल्यावाचून राहिली नसती. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांच्या बाजूने लेखणी उचलली. १९०७ साली लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात अनेक नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. अखेर त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे लागली! दूषण एका दिवसात लागते. पण ते पुसण्यास वर्षे लागतात.

हाफकिन पुन्हा कलकत्त्यास आले. परंतु आपल्या हातांनी उभारलेली परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही आणि कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत लस तयार करण्याची सोय नव्हती. ज्याच्या बोटांत वीणा वाजविण्याचे कौशल्य आहे त्याला तारांवाचून वीणा द्यावी, तसेच हे झाले. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. उत्तर आयुष्य त्यांनी धर्मचिंतनात व आपल्या समाजाच्या शिक्षणकार्यात घालविले. ते आजन्म अविवाहित राहिले आणि आपली संपत्ती त्यांनी धार्मिक विद्यालयांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. मुंबईने मात्र त्यांचे ऋण थोडेसे तरी फेडले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली, त्यांच्या हयातीतच, हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लक्ष मात्रा बाहेर गेल्या होत्या. स्वतंत्र भारताने १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता आम्ही मघाशी सोडून दिलेल्या प्रश्नाकडे वळतो. मेंदूभोवती जे आवरण असते त्याला सूज आणणारा मेनिंजायटिस नावाचा भयंकर रोग आहे. आपल्याकडे त्यास मस्तिष्कावरणदाह असेही म्हणतात. ताप, असह्य डोकेदुखी, ताठलेली मान, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांतच मृत्यू! जे वाचतात त्यांच्यापैकी काहींना बहिरेपणा येतो, काहींची बुद्धी मंदावते. हा रोग मुख्यतः लहान बालकांवर झडप घालतो. तो ज्या जंतूंमुळे होतो त्यांतील काहींच्या अंगावर शर्करेचे कवच असते. केवळ त्या शर्करेची लस करून दिली तर मोठ्या माणसांत काही काळ उपयोग होतो. पण दोन वर्षांखालील बालकाचे शरीर तिला नीट प्रतिसादच देत नाही आणि तिची आठवणही ठेवीत नाही. म्हणजे ज्यांना संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच ते मिळत नाही!

यावर तोड निघाली ती अशी. ही शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक रीतीने जोडली, तर शरीरातील ज्या पेशी प्रथिने ओळखतात त्या मदतीला धावतात आणि स्मरण ठेवणाऱ्या पेशी निर्माण होतात. अशा जोडणीचे तत्त्व न्यूयॉर्कमधील ऑस्वाल्ड ॲव्हरी व त्यांचे सहकारी गोबेल यांनी १९२९ साली दाखवून दिले. हाफकिन तेव्हा हयात होते. त्यांच्या मृत्यूस अद्याप एक वर्ष होते. परंतु या तत्त्वावर प्रत्यक्ष लस तयार होण्यास पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. आणि या कामी शर्करेला जोडण्यासाठी जी प्रथिने निवडण्यात आली त्यांतील एक प्रमुख कोणते? धनुर्वाताचे विष, त्यातील मारक शक्ती काढून घेऊन निरुपद्रवी केलेले! विषाची अशी मारकता घालविण्याची युक्ती १९२० नंतरच्या दशकात गास्ताँ रामों यांनी त्याच पाश्चर संस्थेत शोधली होती. ज्या धनुर्वाताने मुलकोवाल येथे एकोणीस जीव घेतले व हाफकिन यांचे आयुष्य उद्ध्वस्त केले, त्याच धनुर्वाताच्या विषाला माणसाने वेसण घातली आणि त्याला बालकांच्या रक्षणाच्या कामी जुंपले. यासारखा काव्यमय न्याय विज्ञानाच्या इतिहासात विरळाच!

या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी वारंवार येत. १९९६-९७ च्या साथीत तेथे दोन लक्ष पन्नास हजारांहून अधिक लोक आजारी पडले व सुमारे पंचवीस हजार मृत्यू पावले. त्या गरीब देशांना परवडेल अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, जागतिक आरोग्य संघटनेच्या व पाथ या संस्थेच्या सहकार्याने, तयार केली. तिच्यातील प्रथिन धनुर्वाताचेच होते. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो या देशात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला. मेनिंजायटिसच्या ज्या अ गटाच्या जंतूमुळे त्या साथी येत, तो पुढील काही वर्षांत तेथून जवळजवळ नाहीसा झाला. माली व गाम्बिया या देशांतील ज्या बालकांना वयाच्या दुसऱ्या वर्षी ही लस देण्यात आली होती, त्यांचे रक्त पाच वर्षांनी तपासले तेव्हाही बहुतेकांच्या रक्तात संरक्षक द्रव्ये आढळली. शिवाय लस घेतलेल्याच्या घशात जंतू मुक्काम करू शकत नसल्यामुळे त्याच्या शेजाऱ्याचेही रक्षण झाले. पुढे याच संस्थेने पाच गटांच्या जंतूंविरुद्ध एकच लस सिद्ध केली व २०२४ साली नायजेरियात तिची पहिली मोहीम झाली.

तथापि, एकदा सुई घेतली की जन्माची निश्चिंती झाली, असे कोणी समजू नये. ब्रिटनने १९९९ साली तान्ह्या मुलांना क गटाच्या मेनिंजायटिसची लस देण्यास प्रारंभ केला. परंतु अगदी लहान वयात घेतलेल्या लसीचे संरक्षण थोड्या वर्षांत उणावते असे दिसून आले. म्हणून पुढे तेथे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एक आणि किशोरवयात आणखी एक, अशा वर्धक मात्रा जोडण्यात आल्या. शरीराची स्मृती ही आपल्या पाठांतरासारखीच आहे. एकदा पाठ केलेला श्लोक मधूनमधून म्हटला नाही तर विसरतो. म्हटला की जन्मभर टिकतो. हाफकिन यांना पडलेल्या प्रश्नाचे आजचे उत्तर थोडक्यात हे असे आहे.

आमच्या घराघरांतही हे उत्तर पोचलेले आहे. तान्ह्या बाळास दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे झाल्यावर जी पंचगुणी लस टोचतात, तिच्यात मेनिंजायटिस करणाऱ्या एका जंतूविरुद्धचे औषध असते. न्यूमोकोकस नावाच्या दुसऱ्या जंतूची लस दीड व साडेतीन महिन्यांनी आणि वर्धक म्हणून नवव्या महिन्यात देतात. जन्मतःच दिलेली बीसीजी लस क्षयामुळे होणाऱ्या मेनिंजायटिसपासून बालकास वाचविते. आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी आपणांस धनुर्वात व घटसर्प यांची जी सुई दिली जाते, ती त्या जुन्या पाठाची उजळणीच होय.

तेव्हा विद्यार्थी बंधुभगिनींनो, सुई पाहून जे आपल्यापैकी बाकाखाली दडतात, त्यांनी भायखळ्याच्या कैद्यांचे स्मरण करावे. लस घेतल्यावर एक रात्र ताप आला तर कुरकुर करू नये; स्वतःच्या अंगात पहिली सुई टोचून घेऊन तापाने फणफणत काम करणाऱ्या त्या परदेशी साधकास आठवावे. घरी धाकटे भावंड असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड आज संध्याकाळी एकदा उघडून पाहावे. त्यातील एखादा रकाना रिकामा राहिला असेल, तर आईस किंवा वडिलांस सांगून त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. संत्र्याचे कलम लावले म्हणजे बाग झाली नाही. त्याला वेळच्या वेळी पाणी द्यावे लागते, हे आमच्या या भागातील शेतकऱ्याच्या मुलास कोणी सांगावयास नको.

हाफकिन यांचा पुतळा आमच्या गावात नाही आणि तो नसला तरी चालेल. ज्या घरातील कार्डावर एकही रकाना रिकामा नाही, ते घर हेच त्यांचे स्मारक होय. धर्म, देश व भाषा यांच्या भिंती ओलांडून परक्यांच्या लेकरांसाठी ज्यांनी आपला देह झिजविला, अन्याय सोसला आणि तरीही ज्यांनी मनुष्यजातीचा तिरस्कार केला नाही, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या पावन स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो व हा लेख येथेच पुरा करतो.